ब्राझीलने आपली गाय 'जपली' म्हणता, मग कशासाठी जपली तेही सांगा की

बांधावरचा

सकाळी इथं 'कपिला' यांनी एक फोटो टाकलाय. पांढरीशुभ्र गाय, हे एवढं वशिंड, गळ्याची पोळी लोंबतेय, आणि खाली मजकूर: "ही ४० कोटींची गाय मूळची आपल्या आंध्रातली ओंगोल. ब्राझीलने तिला देवासारखं जपलं, आपल्याला कदर नाही." दुपारपर्यंत दीडशे बदाम आणि 'डोळ्यांत पाणी आलं' छापाचे प्रतिसाद. तिथंच दोन ओळी लिहायला बसलो होतो, त्या लांबल्या म्हणून वेगळा धागा.

मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, सगळी नोकरी माणदेशात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या भरून भरून उजवा खांदा गेलाय. जनावर बघितलं की ते कशासाठी वाढवलंय एवढं मला कळतं. ही गाय दुधाची नाही आणि औताचीही नाही. ती खाण्याची जात आहे. सरळ बोला की.

नाव वियातिना-१९. जात नेल्लोर, म्हणजे आपली ओंगोलच, नेल्लोर जिल्ह्यावरून तिकडं ते नाव पडलं. वजन ११०१ किलो. आपली चांगली खिलार गाय याच्या निम्मीही भरत नाही. हिला मोल आलं ते हिची पिलावळ लवकर वजन धरते म्हणून. तिथं पैदाशीचं जनावर निवडताना पाठीवर अल्ट्रासाऊंड लावून बरगडीवरच्या मासाचा घेर मोजतात. ब्राझीलमध्ये २० कोटींच्या वर जनावरं, त्यातली बहुतेक नेल्लोर नाहीतर नेल्लोरच्या रक्ताची. दोन-तीन वर्षांत कत्तलखान्याला. भाव 'अरोबा'वर, सोललेल्या मासाचे १५ किलो म्हणजे एक अरोबा. चीनला पाठवायचं असेल तर जनावर ३० महिन्यांच्या आतलं लागतं. आणि बेंदराला ज्या वशिंडाला आपण हळद-तेल चोळतो, ते वशिंड ती मंडळी निखाऱ्यावर तासन्‌तास भाजून आवडीनं खातात. त्याला कुपिं म्हणतात, कुपिं म्हणजे वाळवी. वाळवीच्या वारुळासारखं दिसतं म्हणून.

तर 'जपली' म्हणजे हे. त्यांनी जातीला काम दिलं. आपण ट्रॅक्टर आणून तिचं काम काढून घेतलं, मग २०१५ ला बैलाचं शेवटचं गिऱ्हाईकही काढून घेतलं, आणि आता फोटोला बदाम देत बसलोय.

खा म्हणत नाही. मी माळकरी आहे, अंड्यालाही शिवत नाही. पण खोटं रडू नका.

कपिला

फोटो मी टाकला. मजकूर आलेला तसाच पुढे ढकलला, वाचून बघायला हवा होता. चूक मान्य. आता तुमचा हिशोब बघू.

म्हणे शेवटचं गिऱ्हाईक २०१५ ला गेलं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी होती ती गाईच्या कत्तलीला. बैल-वळू निकामी असल्याचा दाखला घेऊन कापता येत होते, आणि ते दाखले तुमचंच खातं देत होतं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं गिऱ्हाईक होतं. त्या चाळीस वर्षांत खिलार वाढली का? डांगी वाढली? गवळाऊ तर वर्ध्याबाहेर कोणी बघितलेलीही नाही. गिऱ्हाईक असताना जी घटली, तिच्या घटण्याचं खापर गिऱ्हाईक गेल्यावर कसं फोडता?

आणि 'खोटं रडू नका' हे कोणाला? २०२२ च्या लंपीत आमच्या गोशाळेत तीन आठवडे मी रात्रपाळी केली आहे. अंगभर गाठी आलेली जनावरं, पाय सुजून खांबासारखे झालेले, बसलं की उठत नाही. एका खोंडाच्या तोंडात मी चमच्याने गुळाचं पाणी घालत होते आणि तो पहाटे चारला गेला. त्याचं दूध मी पिणार नव्हते, त्याच्यावर औत चालवणार नव्हते, त्याचं 'काम' काही नव्हतं. मग तो जपायचा नव्हता का?

उसगावकर

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय, आणि बाहेर बर्फाळ पाऊस असल्यामुळे मला वेळ आहे.

एक, ४० कोटींना ती गाय कोणी विकत घेतलेली नाही. २०२३ च्या लिलावात तिच्या मालकीचा एक तृतीयांश हिस्सा विकला गेला आणि त्यावरून अख्ख्या गाईची किंमत काढली. फ्लॅटच्या दरावरून बिल्डिंगची किंमत काढतात तशी. तिच्या पूर्ण नावात 'एफआयव्ही' आहे, म्हणजे गाय टेस्ट ट्यूबची. पुढेही तिची बीजांडं आणि भ्रूण विकले जातात. ती स्वतः ताटात जाणार नाही, नातवंडं-पतवंडं जातील.

दोन, 'जपायला नेली' हे तर अजिबात नाही. युरोपची गुरं तिथल्या उन्हाने आणि गोचिडांनी टेकीला आली होती, म्हणून आपली नेली. १८६८ मध्ये इंग्लंडला निघालेलं जहाज साल्व्हादोर बंदरात थांबलं, त्यावरची ओंगोलची जोडी तिथेच विकली गेली. दहा वर्षांनी लेमग्रुबर नावाच्या जमीनदाराने जोडी घेतली ती चक्क हँबुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून. शेवटची मोठी खेप १९६० च्या आसपास, फेर्नांदो दि नोरोन्या बेटावर क्वारंटाइनमध्ये ठेवून मग आत घेतली. त्यात करवडी नावाचा वळू होता, ओंगोलजवळ त्याच नावाचं गाव आहे. आज निम्म्या ब्राझीलच्या वंशावळीत त्याचं नाव निघतं असं तिकडे गमतीने म्हणतात.

तीन, या व्यापारातून बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, पण बाहेर गेली. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं अँटवर्प बंदरात उतरवली, बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. त्या धसक्याने १९२४ ला पॅरिसमध्ये जागतिक पशुरोग संघटना स्थापन झाली. ब्राझीलनेही १९२१ ला आयात बंद केली. हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

चार, सांगलीकरांनो, कॉलर ताठ करा. टेक्सासची ब्राह्मण जात ज्या चार भारतीय जातींतून झाली, त्यांत ओंगोल, गीर आणि कांकरेजसोबत चौथी कृष्णा व्हॅली आहे, म्हणजे सांगली-मिरज-बेळगावकडची कृष्णाकाठची काळ्या रानात ओढणारी जात. सगळी मिळून तीनशेही जनावरं आली नव्हती इथे अमेरिकेत. आज कृष्णाकाठी ती शोधायला जा, मी वाट बघतो.

बांधावरचा

> त्या चाळीस वर्षांत खिलार वाढली का?

नाही वाढली. मुद्दा बरोबर आहे, लिहून घेतो. घसरण ट्रॅक्टरनं आणि संकरित गाईनं आधीच सुरू केली होती. संकरितच्या कांड्या मीच भरल्या, सरकारनं टार्गेट दिलं होतं, तेव्हा त्या पापाचा धनी मीपण.

पण ताई, घसरणं वेगळं आणि दोर कापणं वेगळं. आधी म्हातारा बैल विकून त्यात थोडी भर घालून शेतकरी नवा खोंड आणायचा. बैलाच्या पैशातनं बैल यायचा. ती साखळी तुटली. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली गुरं २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी घटली. आणि म्हशी बघा. म्हशीला बंदी नाही, भाकड झाली तरी तिला भाव आहे. देशात म्हशी घटल्या नाहीत, उलट थोड्या वाढल्यात. देव म्हणून कुणी तिची आरती करत नाही, तरी ती टिकली.

गोशाळेतल्या खोंडाबद्दल बोलणार नाही. ते तुमचं खरं आहे.

उस्मानाबादी

आमच्या शेळीला कोणी माता म्हटलं नाही, कोणी फोटो टाकला नाही, तिच्यासाठी मिशन निघालं नाही. दर ईदला, दर जत्रेला, दर रविवारी कापली जाते. आणि मराठवाड्यात दारोदारी आहे. चर्चा संपली, या जेवायला.

कपिला

संपली कशी? शेळी वर्षा-सव्वा वर्षात विकायला तयार होते. खिलार खोंड तीन वर्षं पोसून मासासाठी विकणं परवडणार आहे का कुणाला? बीफसाठी गुरं पाळायची तर कुरण लागतं. कुठे आहे कुरण? गायरानांवर सोलर आणि शाळा उभ्या राहिल्या.

आणि म्हशीचं उदाहरण सोयीचं आहे. म्हैस टिकली ती सात टक्के फॅटच्या दुधावर. रेडकाचं काय होतं ते सांगा ना, तुम्ही तर खात्यातले.

उसगावकर

कपिलाताईंनी नेमका खिळा मारला. आपल्याकडे बीफची जात कधी नव्हतीच. आपल्याकडे होतं ते निकामी जनावर. कापायचा तो औत ओढून झिजलेला बैल. 'बीफसाठी पाळणं' ही गोष्टच वेगळी आहे, तिची नक्कल सोलापूर जिल्ह्यात होणार नाही.

इथे वासरू सात-आठ महिने आईबरोबर कुरणावर. मग थोडे महिने गवतावर. मग फीडलॉट. मी टेक्सासातल्या अमारिलोकडे गाडी घेऊन जातो तेव्हा फीडलॉट दिसायच्या दहा मिनिटं आधी वास येतो, काचा बंद असल्या तरी. क्षितिजापर्यंत वाडगे, एकेका वाडग्यात शे-दीडशे जनावरं, सिमेंटच्या गव्हाणीत ट्रक मका ओतत जातो. वाफवून चपटा केलेला मका, पोह्यासारखा. चार-सहा महिने हे, दीड-पावणेदोन वर्षांत जनावर गेलं. मासात चरबीच्या रेषा किती यावर दर्जा ठरतो, आणि तिथे आपलं वशिंडवालं रक्त मार खातं. मास कोरडं आणि जरा चिवट, म्हणून अँगसशी संकर करतात. ब्रँगस म्हणजे तीन अष्टमांश ब्राह्मण, पाच अष्टमांश अँगस. ऊन आणि गोचीड सोसायला आपली गाय, ताटात चव द्यायला स्कॉटलंडची. ब्राझीलमध्ये फीडलॉट कमी, मुख्य भर कुरणावर, तेही आफ्रिकेतून आणलेल्या ब्रॅकियारिया गवतावर. म्हणजे गाय भारताची, गवत आफ्रिकेचं, गिऱ्हाईक चीनचं.

कोरडवाहू

आणि जमीन कोणाची? जंगलाची. ॲमेझॉनात जे जंगल तुटलं त्यातली सगळ्यात जास्त जमीन आज कुरणांखाली आहे. सरासरी एका हेक्टरला एक-दीड जनावर. इतकी उधळपट्टी करून 'जात टिकवली' म्हणणाऱ्यांना लोटांगण. बांधावरचे काका, तुम्ही फॉरवर्डवर चिडलात ते बरोबर, पण तुमचं कौतुकही फॉरवर्डच्याच वळणावर गेलंय. त्यांनी देव केला नाही, तुम्ही बाजाराचा देव केलात.

खरा उसगावकर

टेक्सासच्या भावाने नाव बदलावं ही नम्र विनंती. US चं उसगाव नव्हे, खरं उसगाव गोव्यात फोंड्याजवळ, गोव्याचा सरकारी कत्तलखाना तिथेच आहे. त्यामुळे या विषयावर बोलायचा पहिला मान माझा.

आमच्याकडे बीफ खाणारे आहेत, जनावरं नाहीत. माल यायचा बेळगावकडून. कर्नाटकाने २०२१ च्या जानेवारीत नवा कायदा लागू केला, तेरा वर्षांखालची म्हैससुद्धा कापायची नाही असा. त्या नाताळाच्या आसपास आमच्या बाजारातले बीफचे गाळे बंद. शेजारच्या आंटीने चिली-फ्रायसाठी तीन दिवस मला विचारलं, 'तू घाटावर जातोस ना रे?' मी शाकाहारी सारस्वत नव्हे, मासे खातो, पण बीफ नाही. तरी तिच्यासाठी फोन लावले. तुम्ही लोक जातीच्या टिकण्यावर भांडता, आमचा प्रश्न साधा आहे: एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्याच्या ताटात का उतरतो?

घाटावरचा गाडा

एवढं वाचलं. ब्राझील झालं, टेक्सास झालं, गोवा झालं. खिलार कोणी वाचवली ते कोणी लिहिलं नाही. बैलगाडा शर्यतीनं वाचवली.

२०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली. आमच्या खेड-आंबेगाव-जुन्नरात गोठ्यातला खोंड कोणी फुकट नेईना. चुलत्यांनी धुरेचे दोन बैल ठेवले, बाकी विकले, विकताना माणूस गोठ्याकडं पाठ करून उभा होता. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी आली त्या रात्री गावात फटाके. २०२३ च्या मे मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. आज चांगल्या रक्ताचा आदत, म्हणजे पक्के दात न आलेला, खोंड लाखांत जातो. माझ्या स्वतःच्या दावणीला चार आहेत. ना कापायला लागलं, ना गोशाळेची पावती फाडायला लागली. हे काम नाही का जातीला?

कोरडवाहू

आलाच विषय. शेपूट पिरगाळून आणि बॅटरीचे झटके देऊन 'वाचवलेली' जात.

घाटावरचा गाडा

कधी घाटात, शर्यतीच्या चढावर, आलायस का? बॅटरी सापडली तर गाडा बाद होतो, कलेक्टरची परवानगी, डॉक्टरचा दाखला, सगळं शूटिंग. आमचा बैल रोज अंडी आणि दूध खातो, उन्हाळ्यात पंखा असतो त्याला. तुझ्या घरातल्या माणसाला आहे का पंखा?

कोरडवाहू

पंखा आहे. मला कोणी त्यासाठी पळवत नाही.

बांधावरचा

गाडेवाले, मुद्दा घेतला, पण अर्धाच. शर्यतीनं वळू वाचला, गाय नाही वाचली. लाखाचा भाव कुणाला? शंभरातल्या पळणाऱ्या चार खोंडांना. उरलेल्या शहाण्णवांचं काय? आणि त्यांना जन्म देणाऱ्या गाईला दोन-तीन लिटर दूध, तेही वासराला पाजून काय उरेल ते. तुमच्या दावणीला चार बैल आहेत म्हणता, खिलार गाई किती?

घाटावरचा गाडा

गाय एकच. पण आटपाडी-सांगोल्याकडनं खोंड आम्हीच विकत घेतो ना? तुमच्या माणदेशाची गाय आमच्या घाटामुळं दावणीला आहे.

चौसा

दोन मिनिटं. 'शर्यत' म्हणजे फक्त पुणे जिल्ह्याचा घाट नव्हे हो. आमच्या सांगली-साताऱ्याकडं छकडा पळतो, सपाटीला, वर माणूस बसून कासरा धरतो. गट, सेमी, फायनल. तुमच्यात पुढं घोडी पळते आणि बैल तिच्या मागं. घोडीच्या जिवावर बारी मारायची आणि म्हणायचं आमचा बैल.

घाटावरचा गाडा

घोडी रस्ता दाखवते, ओढत नाही. घाट चढायला छाती लागते. सपाटीला तर म्हसरू पण पळतं.

चौसा

म्हसरू! ये बेंदराला आमच्याकडं, आदतचा गट बघ, मग बोल.

घाटावरचा गाडा

येतो की. बैल घेऊन येतो. बक्षीस काय ठेवताय?

संपादक मंडळ

शर्यतीसाठी वेगळा धागा काढावा. इथे विषय बीफच्या जाती आणि त्यांचं उत्पादन असा आहे.

चौसा

संपादक पुण्याचे आहेत वाटतं.

रुमालाखाली

मी इथं फक्त वाचतो. आज लिहितो, कारण सगळे बोलले, ज्याला हेडी म्हणतात तो बोलला नाही.

माझे आजोबा, वडील, दोघं गुरांचे व्यापारी. बिरादरी कुरेशी. बाजारात सौदा रुमालाखाली हात घालून बोटांवर, आजूबाजूच्याला भाव कळू नये म्हणून. वडील जबडा उघडून दात बघायचे आणि बोलायच्या आधी बैलाच्या कपाळावरून हात फिरवायचे. मला वाटायचं सवय आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, घाबरलेलं जनावर दात दाबून धरतं.

तुम्हाला वाटतं आम्ही फक्त कापायला घेतो. बाजारातले दहातले सात सौदे शेतकरी ते शेतकरी असतात, मध्ये आम्ही. कुणाची जोडी फुटलीय, कुणाला उजवीकडचा बैल पाहिजे, कुणाची म्हैस तिसऱ्या वेताची आहे, हे आमच्या डोक्यात असतं. ती माणसं हटली की बाजार हटतो. मागं एकदा दोन म्हशी आणि एक रेडा घेऊन निघालो होतो, तिघांची पावती होती, म्हशीला बंदी नाही हे सगळ्यांना माहीत. रस्त्यात काही पोरांनी अडवलं. जनावरं जप्त, मी रात्रभर बाकड्यावर. सोडवायला सात महिने गेले आणि परत मिळाल्या दोनच म्हशी. रेड्याचं काय झालं ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. त्याच्या चारापाण्याचं बिल मात्र मला आलं.

२०२५ च्या जुलैत आमच्या लोकांनी ठरवलं, खरेदीच बंद. तेव्हा पहिल्यांदा शेतकरी आमच्यासाठी बोलले. आधी नाही बोलले. जाऊ दे.

उस्मानाबादी

वर मस्करी केली ती मागे घेत नाही, पण हे वाचून गप्प बसलो.

कपिला

रुमालाखाली भाऊ, हे वाचून मला काय लिहावं कळत नाहीये. रेड्याच्या बिलाचं तर अजिबात. गोशाळेवाल्यांची बाजू म्हणून एकच सांगते, जप्तीची जनावरं आमच्या दारात रात्री उतरवतात तेव्हा आम्हालाही कोणी विचारत नाही. वैरण पुरेल का, जागा आहे का, काही नाही. आमच्याकडे साठची सोय आहे, जनावरं एकशे दहा आहेत. त्यात खिलार सहा. बाकी सगळे संकरितचे गोऱ्हे.

आता म्हणा मी खोटं रडते.

बांधावरचा

नाही म्हणत. तो शब्द मागे घेतला.

गोऱ्ह्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो, कारण वर रेडकाचं तुम्ही विचारलं आणि मी टाळलं. नोकरीत असताना कांडी भरताना मालक विचारायचा, "साहेब, कालवडच होईल ना?" मी म्हणायचो देवाच्या हातात. नऊ महिन्यांनी गोऱ्हा झाला की दूध सगळं डेअरीला. गोऱ्हा गोठ्याच्या मागं, आईला दिसणार नाही असा, आखूड दाव्याला. चीक पण पुरता नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलो की दावं रिकामं. 'मेला साहेब' म्हणायचे. रेडकाचं तेच. गोऱ्हा कापायला कायद्यानं बंदी आहे, उपाशी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. आता कालवडच होणाऱ्या कांड्या आल्यात, शंभरात नव्वद खात्री. त्यांनी हे कमी होईल असं वाटतं. पण तो उपाय म्हणजे तरी काय, गोऱ्हा जन्मालाच येऊ द्यायचा नाही. ब्राझीलवाला त्याला अडीच वर्षं गवतावर फिरवतो, मग मारतो. मला खरंच ठरवता येत नाही.

उसगावकर

फीडलॉटमध्ये गवत नसतं, आठवण करून देतो. फिरणंही फारसं नसतं.

खरा उसगावकर

भावा, नाव बदल आधी.

कोरडवाहू

सारांश असा की कापा, नाहीतर पळवा, नाहीतर उपाशी ठेवा. जातीला 'काम' पाहिजे हे मात्र सगळ्यांना पटलं. मला एवढंच विचारायचंय, डांगीचं काम कोण काढून घेणार? अकोले-इगतपुरीच्या पावसात, भाताच्या चिखलात ट्रॅक्टर रुततो, डांगी बैल रुतत नाही. तेलकट कातडं, पाणी अंगावर ठरत नाही. तिला ना ब्राझील लागलं ना शर्यत.

बांधावरचा

पॉवर टिलर आलाय तिकडं. जाऊन बघा.

कोरडवाहू

बघितलाय. चढावर माणूस टिलरला ओढतो.

घाटावरचा गाडा

बांधावरचे, तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारताय. तुमच्या स्वतःच्या दावणीला काय आहे?

बांधावरचा

विचारलंच म्हणून. एक खिलार गाय, कोसा रंग, आईच्या वेळेपासूनची वंशावळ. आणि तिचा खोंड. दुसा झालाय यंदा, दोन पक्के दात आलेत. औत नाही, डाळिंबाची बाग आहे. बायको म्हणते देऊन टाका. कुणाला देऊ? गोशाळेत एकशे दहा आहेत. बाजारात रुमाल उरला नाही. म्हणून तर सकाळी ते बदाम बघून डोकं फिरलं.

रुमालाखाली

दोन्ही पुढचे दात सरळ आलेत का? शिंगाची ठेवण कशी? फोटो टाका. शेतकरी गिऱ्हाईक बघून देतो, आमच्याकडं दोघांना जोडी लावायची आहे. किंमत इथं नको बोलायला.

चौसा

थांबा, आधी पळवून बघितलाय का?

बांधावरचा

पळतो. पण डावीकडं ओढतो, सरळ जात नाही.

घाटावरचा गाडा

मग त्याला उजव्या अंगाला जुंपून बघा, डावीकडं जुन्या, शांत बैलाची जोड द्या. आमच्या एकाची अशीच खोड होती, दोन महिन्यांत गेली. व्हिडिओ टाका, शंभर फूट सरळ पळताना.

चौसा

सपाटीवरचा टाका. घाटातला नको.

बांधावरचा

टाकतो. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर उभा आहे, तो निघाला की तेवढीच सरळ पट्टी मोकळी होईल.